जुने शेतीचे आकडे वाचताना या चुका टाळा

पुण्यात ग्रामीण अर्थव्यवस्थेचा इतिहास अभ्यासणाऱ्याला कागदांची ददात नाही. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जुने पाहणी अहवाल आहेत, तहसीलच्या अभिलेख कक्षात गावनमुने आहेत. घोळ होतो तो वेगवेगळ्या काळांतले आकडे शेजारी-शेजारी मांडताना. एकदा चुकीची तुलना छापली गेली की ती एका प्रबंधातून दुसऱ्यात जात राहते, आणि गावाचा इतिहासच चुकीचा सांगितला जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खातेदार आणि कसणारा यांना एकच धरणं. १९७०-७१ पासून साधारण दर पाच वर्षांनी होणारी कृषी गणना ‘वहिती धारण’ मोजते. एका कारभाराखाली कसली जाणारी सगळी जमीन म्हणजे एक धारण, मग ती कोणाच्याही नावावर असो. सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) सांगतात ते नाव. वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी वारसनोंद झालेली नसते. कागदावर एक खातं आणि शेतात चार चुली. याच्या उलटही असतं: तिघा भावांची खाती वेगळी, पण दोघे पिंपरी-चिंचवडला नोकरीला आणि सगळं रान धाकटा पिकवतो. त्यात महाराष्ट्रातली गणना प्रामुख्याने महसुली अभिलेखांवरूनच संकलित होते, त्यामुळे नावांचा हा गुंता तिच्यातही झिरपतो. राज्यातलं सरासरी धारण १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. यातली किती घट जमीन खरोखर वाटली गेल्याने झाली आणि किती नुसती खाती फुटल्याने, हे गावात जाऊन विचारल्याशिवाय लिहू नका.

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरच्या बाबतीत तर चुकीची तुलना हमखास होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिथलं सरासरी धारण १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. या साखळीच्या शेवटी २०१५-१६ चे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर, जोडून आलेख काढला जातो. एक आकडा शहराजवळच्या एका गावाचा, दुसरा अख्ख्या राज्याचा. तो आलेख काही सांगत नाही. मान यांच्या पाहणीतली खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे: १५६ जमीनधारक आणि त्यांचे सातशेहून अधिक तुकडे. सरासरीत हे तुकडे दिसतच नाहीत.

जुना सर्व्हे नंबर आजच्या सातबाऱ्यावर सापडत नसेल तर जमीन गेली असं समजू नका. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली योजना राबवलेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा जबाब उतारा काढा, त्यावरून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ बसतो.

तारखांचं गणित सोपं आहे, तरी चुकतं. मोडी कागदांवर शुहूर सन ही जुनी कालगणना असते आणि तिचं वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची जानेवारी १७६१ मधली लढाई म्हणूनच शुहूर सन ११६१ मध्ये येते. सरसकट ६०० मिळवलेत तर खरिपाचा सगळा हिशेब एक वर्ष पुढे सरकतो.

जिल्ह्याची हद्दही पाहा. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, त्याआधीच्या पुणे जिल्ह्याच्या बेरजेत ते नाही. जुन्या तक्त्यांत दौंड तालुका शोधत बसू नका, तो भाग तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात पाहा. महसुलात सूट असलेली इनाम गावं तक्त्यात धरली आहेत की वगळली, हे तळटीपेत तपासा.

आणि कागद सरकारी आहे म्हणून आकडा खरा, असं धरू नका. इंग्रज अधिकारी प्रिंगल यांनी शेतसारा ठरवण्यासाठी केलेल्या पाहणीत उत्पन्नाचे अंदाज हाताखालच्या कारकुनांनी फिरवलेले निघाले, आकारणी झेपेना म्हणून इंदापूरकडच्या रयतेने जमिनी सोडल्या. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास तिथे नव्याने आकारणी केली. प्रिंगलचे आकडे महसुलाच्या धोरणाचा पुरावा म्हणून जरूर वापरा, एकरी उत्पन्न काढायला नको.