प्रिंटरचा मॅक ॲड्रेस मिळाला, पण भलताच

धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात नवा राऊटर लावला अन् प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) दर दोन दिवसांनी बदलून राहिला होता, म्हटलं राऊटरमध्येच फिक्स करून टाकू, त्यासाठी मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक, पाहिजे. प्रिंटर ओढून मागचं स्टिकर पाहिलं तर कूलरचं पाणी उडून उडून अक्षरं पार पुसलेली, ८ आहे का इंग्रजी B तेच कळेना. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रिंटरच्या आयपीला पिंग मारलं (ping अन् पुढे आयपी) अन् लगेच arp -a ही कमांड टाकली, म्हणजे एआरपी, स्पेस, मायनस ए. आयपीसमोर दोन-दोनच्या सहा जोड्या, म्हणजे १२ अक्षरं, हाच तो. पिंग आधी मारा बरं का, नाहीतर बरेचदा यादीत प्रिंटर दिसतच नाही, अन् कॉम्प्युटर पण त्याच नेटवर्कवर पाहिजे.

टाकला राऊटरमध्ये. दुसऱ्या दिवशी आयपी पुन्हा वेगळा! तासभर डोकं खाजवलं. झालं काय, मी पाहिलं तेव्हा प्रिंटर वायफायवर होता, संध्याकाळी आमच्या पोराने केबल खोचली, अन् वायफायचा मॅक वेगळा, केबलचा वेगळा. शेवटी प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापलं, त्यात दोन्ही लिहिलेले (हे आधीच करायला पाहिजे होतं म्हणा). केबलवाला टाकला, तेव्हापासून बिलं निघून राहिली बिनबोभाट.