क्रेडिट रिपोर्टवरचं कलेक्शन अकाउंट असं काढलं

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी लिहितेय. जुन्या घराच्या इंटरनेटचा मोडेम परत केला होता तरी त्याचे पैसे बाकी म्हणून अकाउंट कलेक्शनवाल्यांकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या कंपनीकडे गेलं आणि क्रेडिट स्कोअर धाडकन पडला. त्यांचा माणूस फोनवर सारखा म्हणे आत्ता थोडे तरी भरा, मी म्हटलं जे काय ते लेखी पाठवा आणि फोन ठेवला. फोनवर काहीच कबूल करू नका, प्लीज.

त्यांची नोटीस आल्यापासून 30 दिवसांत लेखी डिस्प्यूट केलं (हे देणं मान्य नाही असं कळवलं) की पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते, हा 1977 चा फेडरल कायदा आहे. मी सर्टिफाइड मेलनेच (पाठवल्याची नोंद राहते अशा पोस्टाने) पाठवलं, सोबत मोडेम परत केल्याच्या पावतीची कॉपी, ज्यावर सिरियल नंबर स्पष्ट दिसत होता. पुरावा काही आला नाही, मग तीच कागदपत्रं इक्विफॅक्स, एक्स्पिरियन, ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या तिन्ही कंपन्यांना वेगवेगळी पाठवली, त्यांना साधारण 30 दिवसांत तपासावं लागतं, आणि रिपोर्टवरची एंट्री निघाली.

कर्ज खरंच तुमचं असेल तर नुसते पैसे भरून नोंद जात नाही, 7 वर्षं राहू शकते, त्यामुळे एंट्री काढायला तयार असतील तर आधी लेखी घ्या, मगच भरा.