बोथट चेंबर रीमरला पुन्हा धार आणली

बंदुकीच्या नळीत काडतुसाची जागा कापणारा माझा चेंबर रीमर बोथट झाला होता. धातूच्या चिप्सऐवजी (कापून निघणाऱ्या कपच्यांऐवजी) भुकटी पडायची, हाताला थरथर जाणवायची, आतल्या पृष्ठभागावर रेघा उठायच्या. भिंगाखाली खांद्याजवळच्या, म्हणजे काडतूस मानेकडे निमुळतं होतं त्या भागाच्या, धारेवर पांढरी चकाकी दिसली. तीक्ष्ण धार उजेडात चमकत नाही, बोथट चमकते. खांद्याजवळ धातू जास्त कापला जातो, म्हणून झीजही तिथंच आधी.

बाहेरच्या व्यासाला हात लावला नाही. तिथं दगड फिरला की माप गेलंच! दोन धारांमधल्या खाचेतली, धारेपुढची सपाट बाजू तेवढी बारीक ऑइलस्टोनने (तेल लावून वापरायच्या धारेच्या दगडाने) घासली. दगड पूर्ण सपाट टेकवायचा, जराही कलता नको. धार गोल झाली तर सगळी मेहनत पाण्यात. सहाही धारांना मोजून सारखेच हात मारले, नाहीतर काही धारांवरच भार येतो. चकाकी गेली, तिथं थांबलो.

झीज लवकर झाली, कारण बाहेर काढताना मी रीमर उलटा फिरवायचो. आता सुलट फिरवतच काढतो, दर वेळी चिप्स झाडतो आणि कटिंग ऑइल भरपूर घालतो. धारेचा टवका उडाला असता तर मात्र रीमर ग्राइंडिंगवाल्याकडेच दिला असता.