हरलात ते हातामुळे की डोक्यामुळे, हे आधी शोधा

आरटीएस, म्हणजे बेस बांधून आर्मी लढवायचा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम, हरलो की आपण लगेच म्हणतो समोरच्याचा एपीएम (मिनिटाला किती क्लिक आणि की दाबल्या तो आकडा) जास्त होता, माझे हातच तेवढे चालत नाहीत, नाहीतर मग स्ट्रॅटेजी चुकली म्हणून नवीन बिल्ड ऑर्डर (काय कधी बनवायचं त्याचा ठरलेला क्रम) शोधायला बसतो. दोन्ही नुसते अंदाज. रिप्ले, म्हणजे गेमचं रेकॉर्डिंग, उघडा, त्यात सगळं दिसतं.

एज ऑफ एम्पायर्स टू धरून सांगतो, त्यात हिशोब सोपा आहे. एक व्हिलेजर, म्हणजे अन्न-लाकूड गोळा करणारा कामगार, बनवायला ५० फूड आणि २५ सेकंद लागतात. रिप्लेमध्ये लढाई सोडा, फक्त स्वतःचं टाऊन सेंटर (व्हिलेजर बनतात ती इमारत) बघत बसा आणि ते किती सेकंद रिकामं पडलं ते कागदावर लिहा. साध्या सिव्हने (खास बोनस नसलेल्या संस्कृतीने) २२ पॉप्युलेशनला, म्हणजे एकूण २२ जण झाले की, फ्यूडल हे पुढचं युग घ्यायचं तर सुरुवातीचे ३ व्हिलेजर आणि स्काऊट (टेहळणीचा घोडेस्वार) सोडून १८ व्हिलेजर बनवायचे, म्हणजे ४५० सेकंद, त्यात टाऊन सेंटरमध्येच होणाऱ्या लूम या अपग्रेडचे २५, म्हणजे ७:५५ ला क्लिक व्हायला पाहिजे. माझ्या एका गेममध्ये तो ९:१० ला झाला होता. ७५ सेकंद, म्हणजे तीन व्हिलेजर लढाई सुरू व्हायच्या आधीच गेले, आणि मी कितीतरी दिवस माझ्या नाइट्सना दोष देत होतो! कारण काय, तर दोनदा घर बांधायचं राहिलं (घरं कमी पडली की नवीन व्हिलेजर बनत नाही) आणि एकदा स्काऊट मेंढ्या शोधत होता तेव्हा मी त्याच्याकडेच बघत बसलो.

आता यात बोटांचा वेग कुठे आला? २५ सेकंदात एक क्लिक कुणालाही जमतो, चुकतं ते लक्ष. म्हणून माझं ठाम मत आहे की नवशिक्याने एपीएमचा आकडा बघूच नये. त्याऐवजी सगळ्यात सोप्या एआयसमोर दहा मिनिटं खेळा, टाऊन सेंटर हॉटकीवर ठेवा, स्क्रीनवर काहीही चालू असलं तरी दर थोड्या वेळाने ती की दाबायची, व्हिलेजर रांगेत लावायचा, पॉप्युलेशन बघायचं, परत. ८:१५ च्या आत क्लिक होईपर्यंत दुसरं काही शिकू नका. कंटाळवाणं आहे, पण फरक यानेच पडतो.

डोक्याची चूक वेगळ्या पद्धतीने शोधायची. गेम जिथे फिरला तिथे रिप्ले थांबवा, फॉगसकट (आपल्याला न दिसणारा नकाशा झाकलेला ठेवून) फक्त स्वतःचा व्ह्यू लावा आणि विचारा, मला त्या क्षणी काय माहीत होतं? समोरच्याच्या दोन आर्चरी रेंज (तिरंदाज बनवायच्या इमारती) दिसल्या होत्या आणि तरी घोडेस्वारांविरुद्ध चालणारे स्पिअरमन बनवत राहिलो, तर निर्णय चुकला. तिरंदाजांविरुद्ध चालणारे स्कर्मिशर बनवायचं ठरवलं होतं, पण लाकूड ९०० वर पडून आणि रेंज रिकामी, तर डोकं बरोबर होतं, हात मागे राहिले, म्हणजे ठरवलेलं वेळेत केलं नाही. आणि रेंज दिसल्याच नसतील तर स्काऊट कुठे फिरत होता ते बघा, बहुतेक वेळा तो कुठल्यातरी कोपऱ्यात उभा असतो.

निर्णय जमतील तेवढे गेमच्या आधीच घेऊन ठेवायचे. स्टेबल (घोडेस्वार बनवायची इमारत) दिसलं तर स्पिअरमन, दोन रेंज दिसल्या तर स्कर्मिशर, काहीच दिसलं नाही तर पुढच्या लाकडाजवळ बघून यायचं, एवढं चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा, ऐन वेळी विचार करायला लागला की टाऊन सेंटर थांबलंच म्हणून समजा.

पण नुसत्या हातांनी कुठवर जाता येतं? २०१८ च्या डिसेंबरमध्ये अल्फास्टार या एआयने स्टारक्राफ्ट टूच्या दोन प्रो खेळाडूंना मिळून १०-० हरवलं, स्टॉकर्स हे युनिट तर माणसाला जमणार नाहीत असे नाचवले. मग २०१९ च्या जानेवारीत त्या दोघांपैकी मॅनाशी लाइव्ह मॅच झाली. मॅनाने वॉर्प प्रिझम या उडत्या वाहनातून इमॉर्टल हे दणकट युनिट अल्फास्टारच्या मागच्या बेसवर आणले, आर्मी परत आली की उचलून न्यायचे, ती निघाली की पुन्हा आणायचे, आणि अल्फास्टार अख्खी आर्मी घेऊन नुसता जा-ये करत राहिला. तेवढ्यात मॅनाने स्वतःची आर्मी उभी केली आणि जिंकला.

तर शेवटचे हरलेले पाच रिप्ले काढा, प्रत्येकासमोर हात की डोकं एवढंच लिहा, आणि जे जास्त वेळा येईल त्याच्यावरच पुढचे दोन आठवडे काम करा, दोन्ही एकदम नको.