पिकअपच्या केबिनमधला गोंगाट आणि साउंड सिस्टीम: या चुका टाळा

गाणी नीट ऐकू येत नाहीत म्हणून बहुतेक जण आधी मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेतात, आणि गणित तिथेच चुकतं. अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केली तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते, म्हणजे दहापट ताकद. उलट केबिनमधला गोंगाट ३ डेसिबलने उतरवला, तर तेवढाच फायदा अ‍ॅम्पला हात न लावता होतो. त्यात टायर आणि रस्त्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो, त्यामुळे बेस सगळ्यात आधी बुडतो. म्हणून आधी गाडी शांत करा.

आवाजाचं मूळ न शोधता पत्र्याला आवाज दाबणारी शीट चिकटवणं

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. रस्ता गुळगुळीत लागला की आवाज एकदम उतरत असेल, तर तो टायरचा. खोल खाचांचे, चिखलात चालणारे टायर डांबरी रस्त्यावर घुमणारच, आणि उंचसखल झिजले असतील तर जास्तच. वळणावर घरघर कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग तपासून घ्या. तो आवाज शीटखाली दाबणं धोक्याचं आहे. वेग तोच, पण इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर गुणगुण बदलते? मग इंजिन माउंट, सायलेन्सरचे रबर आणि केबिनखालचे रबरी माउंट बघा.

वेगात शिट्टी वाजत असेल तर दाराच्या बीडिंगवर, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवर, संशय घ्या. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली, तर तिथे बीडिंग दबत नाही. तरीही सापडलं नाही, तर दाराच्या आणि आरशाच्या फटींवर बाहेरून मास्किंग टेप लावून चक्कर मारा. शिट्टी थांबली की एकेक पट्टी काढत जा. या टेपला खर्च जवळजवळ शून्य, आणि उत्तर नेमकं मिळतं.

डॅम्पिंग शीटकडून नको ती अपेक्षा

ताट वाजवून त्यावर बोट ठेवलं की नाद थांबतो. बुटाइलची, म्हणजे एका प्रकारच्या चिकट रबराची, डॅम्पिंग शीट पत्र्याला तेच करते. ती पत्र्याची थरथर मारते, बाहेरून येणारा आवाज मात्र फारसा अडवत नाही. म्हणून पत्रा इंच-इंच झाकायची गरज नसते; मोठ्या सपाट भागाचा साधारण पाव हिस्सा झाकला तरी नाद बराच मरतो. वजनही आठवा: २ मिमीची शीट चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास भरते.

चिकटवण्यात मात्र हयगय नको. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शीट किंचित कोमट करा आणि फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवा. छपराच्या दुरुस्तीची डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण उन्हात ती वितळते आणि केबिनभर वास पसरतो. आवाज अडवायला वजनदार व्हिनाइलचा थर लागतो, खाली बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम घालून आणि फटी न ठेवता. पाणी पिणारा स्पंज पत्र्याला लावलात तर गंज आलाच.

मागची भिंत विसरणं

पिकअपला डिकी नसते. सीटमागे पातळ पत्रा आणि काच, त्यापलीकडे थेट लोडिंगचा भाग. माझ्या मते दारांआधी हीच भिंत हाताळावी, मग जमीन आणि चाकांवरचा भाग. काही गाड्यांत याच भिंतीत हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात, त्या झाकू नका. बुजवल्या तर दार लावताना हवा कोंडते आणि वायुवीजनही बिघडतं.

दारात घाई करणं

तळाची पाणी निघायची भोकं उघडी हवीत, काच आणि तिच्या यंत्रणेला वाट हवी. काही गाड्यांत दारात एअरबॅगचा दाबसंवेदक असतो. तो असेल तर आतला पत्रा बंद करण्याआधी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. नसेल तर मोठी भोकं बंद केल्याचा फायदा लगेच कळतो: स्पीकरच्या मागच्या बाजूचा आवाज पुढे येऊन बेस खात असतो, तो अडतो.

बेस नाही म्हणून स्पीकर बदलणं

आधी वायरी बघा. मागचे स्पीकर बंद करा, बेसचं गाणं लावा, बॅलन्स मध्यावर ठेवा, मग पूर्ण एका बाजूला न्या. एका बाजूला बेस जास्त आणि मध्यावर कमी, याचा अर्थ बहुधा एका स्पीकरची प्लस-मायनस वायर उलटी आहे.

अ‍ॅम्पवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नाही. तो हेड युनिटच्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीमच्या, सिग्नलशी जुळवायचा असतो. फार चढवला की सिग्नल फाटतो आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर, जळू शकतात. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी किणकिण ऐकू आली तर सिग्नलची केबल पॉवर वायरपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्टने घ्या. आणि अ‍ॅम्पच्या पॉवर वायरला फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत लावा, म्हणजे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडेल.