चिंचोक्यांचा डाव आणि ब्लाइंडची चोरी

आमच्या धरमपेठेतल्या शनिवारच्या बैठकीत पोकर चिंचोक्यांवर चालतं. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आणली. आणि खरं सांगतो, चिंचोके हरलं तरी माणूस तितकाच चिडतो.

तीन पत्तीवाल्यांनो, इथला ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता खेळणं नव्हे. तो बूटसारखा सक्तीचा भरणा. फक्त बटनाच्या, म्हणजे दर डावाला पुढे सरकणाऱ्या वाटपाच्या खुणेच्या, डावीकडचे दोघेच भरतात. आमच्याकडे छोटा 1 चिंचोका, मोठा 2. फ्लॉप (मधले सगळ्यांचे पहिले तीन पत्ते) उघडण्याआधीच रेझ करून, म्हणजे बोली वाढवून, हे 3 उचलायचे, म्हणजे ब्लाइंडची चोरी.

आधी जागा. बटन तुमच्यासमोर हवं, नाहीतर तुम्ही त्याच्या लगेच उजवीकडे, म्हणजे कटऑफला. आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकलेले, म्हणजे डाव सोडलेला असावा. एकानेही कॉल केला, म्हणजे तेवढेच भरून डावात राहिला असेल तर चोरी विसरा.

मग हातातले पत्ते नंतर, आधी डावीकडची माणसं बघा. शेजारचे काका एक्का-राजा आल्याशिवाय तर्रीपोह्यांच्या बशीतून मान वर करत नाहीत. त्यांचा ब्लाइंड चोरायचा. त्यांच्या बाजूचा पोरगा मात्र "पाहून घेऊ ना बे" म्हणत काहीही घेऊन कॉल करतो. तिथे चोरी नाही, चांगले पत्ते आले तरच रेझ.

रेझ 5 ची करा. 3 मिळवायला 5 लावले, म्हणजे आठांतून पाचदा दोघांनीही पत्ते टाकले तर बरोबरी. प्रत्येक जण पाचांतून चारदा टाकत असेल, तर दोघेही टाकण्याची शक्यता 64 टक्के; काठावर जमतं. शिवाय कॉल आला तरी सगळं जात नाही: बटनवर असाल तर फ्लॉपनंतर तुमची पाळी शेवटी येते.

म्हणून अगदीच कचरा नको. छोटी जोडी, एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते, किंवा एखादा एक्का. तुमच्याकडे एक एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे सहा मार्ग तीनवर येतात.

काकांसारख्याने उलट वाढवलं तर मुकाट्याने पत्ते टाका. आणि दर फेरीला चोरू नका. मागच्या शनिवारी माझ्या सलग चौथ्या रेझवर काकांनी 15 चिंचोके पुढे सरकवले. मी टाकले. त्यांनी शांतपणे उघडून दाखवलं: इस्पिक सत्ती, चौकट दुर्री. पोकरमधले सगळ्यात टुकार पत्ते.