डिझाइनचं नंतर, आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा

वर्डप्रेस येतं, होस्टिंग घेता येतं, थीम नीट बसवता येते, इथपर्यंत तुमचं झालंय असं धरूनच लिहितोय. सांगली-मिरज-साताऱ्याकडं छोट्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट करून पोट भरतं का, असं नवी पोरं-पोरी विचारतात. भरतं. पण सुरुवात फार दमवते, आणि दमवणारी गोष्ट डिझाइन नसते. ती असते डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता.

माझ्या पहिल्या कामांपैकी एक मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्यांचं होतं. जुनी साइट नवी करून हवी होती. राजापुरी हळदीचे फोटो काढले, पानं बांधली, शेठना मोबाईलवर दाखवली, पसंतही पडली. साइट चालू करायच्या वेळी डोमेनचा पासवर्ड मागितला, तर म्हणाले, "नाव आमचं, दुकान आमचं, मग वेबसाइट दुसऱ्या कुणाची असंल?" डोमेन जुन्या वेबसाइटवाल्याच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर होतं. त्यानं धंदा बंद केलेला, फोन लागेना. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बेवारस ईमेलवर जात राहिल्या आणि नाव गेलं. पोत्यांवर, बिलांवर, कार्डांवर छापलेलं नाव. माझे पैसे अडकले ते वेगळंच, पण शेठच्या लेखी नाव मी आल्यावर गेलं होतं. ते अजून सलतं.

म्हणून हे जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. डोमेन, होस्टिंग आणि साइट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकाला त्या एकच वाटतात. त्यांना मी एवढंच सांगतो की डोमेन म्हणजे सातबारा; घर कुणीही बांधो, उतारा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघायचं. ॲडव्हान्स घेण्याआधी आयकॅनच्या (डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या) लुकअप पानावर नाव टाका. मालकाचं नाव आता बहुधा झाकलेलं असतं, पण कोणत्या रजिस्ट्रारकडं, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडं, नोंद आहे आणि मुदत कधी संपते ते दिसतं. मग शेठना विचारा, या रजिस्ट्रारचं बिल कुणाच्या ईमेलवर येतं? उत्तर देता आलं नाही, तर काम तिथंच थांबवा. फोटोसुद्धा काढायला जाऊ नका.

डॉट कॉमसारख्या नावाची मुदत संपली की ते लगेच जात नाही. आधी रजिस्ट्रारच्या धोरणानुसार काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दरात किंवा थोडा दंड भरून परत मिळू शकतं. त्यानंतर ३० दिवस बरीच जास्त रक्कम मोजून सोडवता येतं. मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि नंतर ते जगासाठी खुलं. पण या सगळ्या सवलती खातं ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी. रजिस्ट्रारनं मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना द्यायची असा नियम आहे. ती सूचना शेठच्या ईमेलवर आली पाहिजे, तुमच्या नाही.

जुना माणूस भेटला आणि सरळ असला, तर त्याच्याकडून डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडं हलवायला लागणारा ट्रान्स्फरचा कोड घ्या. नुकतंच नोंदवलेलं किंवा हलवलेलं नाव सहसा ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही, त्यामुळं ग्राहकाला उद्याची तारीख देऊ नका. घाई असेल तर त्याला खातं उघडायला सांगून नेमसर्व्हर (नाव कोणत्या होस्टिंगकडं न्यायचं ते सांगणारी सेटिंग) बदलला तरी साइट चालू होते. त्याआधी डोमेनच्या जुन्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या. एमएक्सची नोंद (ईमेल कुठं पोचवायची ते सांगणारी) राहून गेली की दुकानाची ईमेल बंद पडते आणि पहिला फोन तुम्हालाच येतो.

हे वाचून घाबरू नका. बहुतेक वेळा जुना माणूस फोन उचलतो आणि चहावर काम होतं. आणि तुम्ही स्वतः नवं डोमेन घ्याल, तेव्हा ते ग्राहकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच पैशानं घ्या. ग्राहक हातात राहावा म्हणून डोमेन स्वतःकडं ठेवा असा सल्ला देणारे अनुभवी लोक तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. माझ्या मते ती अडवणूक आहे.

गुगलनं दिलेल्या फुकटच्या साइटवर धंदा ठेवणाऱ्यांना मार्च २०२४ मध्ये पत्ता दुसऱ्याच्या हातात ठेवण्याचा धडा मिळाला. बिझनेस प्रोफाइलमधल्या (गुगलवर दुकानाची माहिती दाखवणाऱ्या नोंदीतल्या) त्या साइट्स गुगलनं बंदच केल्या. प्रोफाइल ठेवाच, पत्ता-वेळ-फोटो तिथं ताजे हवेत, पण नाव स्वतःचं हवं.

मजकुराचं एक सांगतो. दुकानदार डीटीपीवाल्याकडची श्रीलिपीतली, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधली, फाइल देतो. ती तशीच चिकटवली तर अक्षरांचा चुराडा होतो, आणि चित्र करून टाकली तर गुगलला नीट वाचता येत नाही. युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी अक्षरं) पुन्हा टाइप करा, पैसे वेगळे लावा. ‘मुक्त’, ‘बालू’ हे फॉन्ट फुकट आहेत आणि मोबाईलवर छान दिसतात. बेदाणा, पेढे, मसाले विकणाऱ्यांच्या पानावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ अंकी क्रमांक हवा. ऑनलाइन पैसे घ्यायचे असतील तर परतावा, गोपनीयता आणि संपर्क ही पानं आधी करा, त्यांच्याशिवाय पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या कंपनीची) मंजुरी अडकते.

क्रॅक केलेली थीम फुकट मिळते म्हणून कधीही बसवू नका. तिच्यात लपवलेला कोड असू शकतो, आणि चार महिन्यांनी दुकानाच्या नावावर जुगाराच्या जाहिराती निघतात. बॅकअप दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या पेठेत शिरलं होतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

महागड्या कोर्सच्या नादी लागू नका. ग्राहकाचा चिडलेला फोन आल्यावर जो तुम्हाला शेजारी बसवून ऐकू देतो, तो गुरू. माझा असा गुरू मिरजेतला एक छापखानेवाला होता, त्याला कोडमधलं काही कळत नव्हतं. काम सुरू करण्याआधी काय काय देणार ते कागदावर लिहायचं आणि खाली ग्राहकाची सही घ्यायची, हे त्यानं शिकवलं.

वर्षाच्या देखभालीचे पैसे पहिल्याच बिलात वेगळे दाखवा, नंतर मागायला जीभ रेटत नाही. आणि वेळ बघून जा. हळद-बेदाण्याचे सौदे जोरात असताना यार्डात कुणी मान वर करत नाही. पेढेवाल्यांकडं दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका. कासकडचे होमस्टेवाले मात्र जून-जुलैत भेटतील. फुलं ऑगस्टच्या अखेरीपासून बहरतात, त्याआधी त्यांनाच साइट तयार हवी असते.